धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांचा गट कसा चालवावा : सीमाभागातील कार्यकर्त्यांसाठी

धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या आठ ते बारा जणांना आठवड्यातून एकदा, सुमारे तासभर, असे सहा ते आठ आठवडे एकत्र बसवणे, इतकाच गट-समुपदेशनाचा बाह्य आकार आहे. नुसती माहितीपुस्तिका वाचून स्वतःच्या बळावर सोडू पाहणाऱ्यांपेक्षा अशा गटात येणाऱ्यांना यश अधिक मिळते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. आपल्याकडे व्यसनमुक्तीच्या नावाने होते ते मात्र बहुधा व्याख्यान असते. पाहुणे येतात, शाल-नारळ होतो, फुप्फुसाची चित्रे दाखवली जातात, आणि कार्यक्रम संपताच निम्मे श्रोते समोरच्या टपरीवर उभे दिसतात. गटात सर्वांत कमी बोलायचे असते ते चालकाने. बिडी कधी, कुठे आणि कोणाच्या सोबतीने ओढली जाते हे प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने सांगणे आणि पुढच्या आठवड्यात त्याच मंडळींना हिशेब देणे, हीच या पद्धतीची खरी ताकद आहे.

चालक डॉक्टरच असला पाहिजे असे नाही. आशा कार्यकर्ती, आरोग्य निरीक्षक, निवृत्त शिक्षक किंवा औषध विक्रेता यांपैकी कोणीही थोड्या प्रशिक्षणानंतर हे काम करू शकतो. फक्त औषधांच्या प्रश्नांसाठी एखादा डॉक्टर हाताशी असावा. जागा तालमीची असो, भजनी मंडळाची खोली असो की शाळा सुटल्यानंतरचा मराठी शाळेचा वर्ग असो, तिच्या दारात पानपट्टी नसावी एवढे पाहावे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्री (धातू ओतकाम) कामगारांसाठी गट असेल तर पाळीनुसार वेळ ठरवावी लागते, आणि पाळी बदलणाऱ्यांना दोन वेगळ्या वेळा द्याव्या लागतात. खानापूर किंवा चिकोडीकडच्या गटात एखाद्याला कन्नड अधिक सोयीची असते. त्याला त्याच भाषेत बोलू द्यावे आणि शेजाऱ्याने त्याचे म्हणणे इतरांना सांगावे. छापील साहित्य कन्नडमध्ये मिळाले तर ते मराठीतून समजावून द्यावे.

पहिल्या बैठकीपूर्वी प्रत्येकाला स्वतंत्रपणे पंधरा-वीस मिनिटे भेटावे. दिवसाकाठी किती ओढतो, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात पेटवतो, पूर्वी कधी सोडली होती आणि पुन्हा कशामुळे सुरू झाली, सोबत तंबाखू-चुना, गुटखा किंवा मिश्री आहे का, दारूचे प्रमाण किती, मधुमेह, हृदयविकार, फिट येणे किंवा मानसिक आजारासाठी औषधे चालू आहेत का, हे सर्व लिहून घ्यावे. केवळ बायकोने किंवा मुलाने पाठवले म्हणून आलेल्याला लगेच गटात घेऊ नये; त्याच्याशी बोलून दार उघडे ठेवावे. आणखी एक दक्षता आपल्या भागात महत्त्वाची आहे. सासरा आणि जावई, काका आणि पुतण्या, कारखान्याचा मालक आणि त्याचाच कामगार यांना एका गटात बसवू नये. वडीलधाऱ्यांसमोर बिडी न ओढण्याची रीत असल्यामुळे त्यांच्यासमोर खरा आकडाही कोणी सांगत नाही.

पहिल्या बैठकीत गटाचे दोनच नियम सांगावेत : इथले बोलणे गल्लीत जाणार नाही, आणि कोणी कोणाला उपदेश करणार नाही. मग प्रत्येकाला कालचा दिवस सांगायला लावावा. ‘जेवल्यावरचीच काय ती लागते’, ‘ओढल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही’, ‘भट्टीवरून बाहेर आलो की सगळे ओढतात, मग मीही ओढतो’ अशी वाक्ये येतात. चालकाने ती फळ्यावर जशीच्या तशी लिहावीत, कारण पुढच्या सर्व बैठकांचे काम याच वाक्यांवर करायचे असते. बिडी म्हणजे पानाचीच, सिगारेटपेक्षा सौम्य, हा समजही येथेच बाहेर येतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात ७.७ टक्के प्रौढ बिडी ओढतात, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के आहेत. तेंदूच्या पानातून हवा फारशी आत येत नाही, बिडी विझू नये म्हणून झुरके वरचेवर घ्यावे लागतात, आणि त्यामुळे निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड कमी नव्हे तर भरपूर मिळते, हे तेवढ्यापुरते सांगून पुन्हा बोलण्याची पाळी त्यांच्याकडे द्यावी. घरी नेण्यासाठी एकच काम द्यावे : आठवडाभर प्रत्येक बिडी-सिगारेटची वेळ आणि कारण खिशातल्या कागदावर टिपणे.

दुसऱ्या बैठकीत सर्वांनी मिळून सोडण्याचा दिवस ठरवावा, आणि तो तिसऱ्या बैठकीच्या आसपासचा असावा. यात्रा, घरचे लग्न किंवा ऊसतोडीची ऐन धांदल त्याच आठवड्यात येत नाही ना, हे पाहावे. परंतु मुहूर्त पुढे ढकलत राहण्याची मुभा देऊ नये. पुढे काय होणार हे याच बैठकीत आधीच सांगावे, म्हणजे त्रास झाला की माणूस घाबरत नाही. निकोटिन शरीरातून लवकर कमी होते, त्यामुळे चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, बद्धकोष्ठता आणि भूक वाढणे हे सर्व पहिल्याच दिवसापासून सुरू होऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत काय करायचे हे प्रत्येकाने स्वतःच्या फळ्यावरच्या वाक्यासमोर लिहावे : जेवणानंतर लगेच उठून फिरायला जाणे, पोट साफ होण्यासाठी सकाळी कोमट पाणी आणि जेवणात भाजी-फळे वाढवणे, भट्टीवरच्या सुट्टीत न ओढणाऱ्या सोबत्याबरोबर चहा घेणे. चहाबाबत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. धूर बंद झाल्यावर शरीर कॅफिन सावकाश बाहेर टाकते, त्यामुळे पूर्वीइतकाच चहा घेतला तर धडधड आणि निद्रानाश वाढतो, आणि दोष बिडी सोडण्याला दिला जातो. चहाचे कप कमी करावेत.

तलफ शमवण्यासाठी निकोटिनचा च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळतो, पण तो चघळण्याची रीत दाखवल्याशिवाय देऊ नये. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला साधारणपणे ४ मिलिग्रॅमचा, इतरांना २ मिलिग्रॅमचा लागतो. तो सावकाश चावायचा, चरचर जाणवू लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, चरचर कमी झाली की पुन्हा चावायचा, आणि हा क्रम सुमारे अर्धा तास चालू ठेवायचा. आधीची पंधरा मिनिटे आणि च्युइंगम तोंडात असताना चहा-कॉफी टाळायची, कारण आंबट तोंडात निकोटिन नीट शोषले जात नाही. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच तो वापरावा. धूम्रपान सोडायला मदत करणाऱ्या बुप्रोपिऑनसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, आणि फिट येणाऱ्याला त्या चालत नाहीत. इन्सुलिन किंवा मानसिक आजाराची काही औषधे घेणाऱ्यांच्या मात्रा धूम्रपान सोडल्यावर बदलाव्या लागू शकतात, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना आधी कळवावे.

सोडण्याच्या दिवसानंतरचा पहिला आठवडा सर्वांत नाजूक असतो. बहुतेकांचा निश्चय याच काळात मोडतो, म्हणून बैठकीची वाट न पाहता सदस्यांच्या जोड्या लावाव्यात आणि जोडीदाराने रोज संध्याकाळी एक फोन करावा. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाने ‘या आठवड्यात एकही झुरका नाही’ किंवा ‘ओढली’ एवढेच सांगावे. ‘ओढली’ म्हणणाऱ्याला कोणी हसू नये आणि रागावूही नये. त्या वेळी नेमके काय घडले ते विचारावे आणि पुढची तारीख तिथेच ठरवावी. मात्र ‘दिवसाला दोनच ओढतो’ या तडजोडीला गटाने मान्यता देऊ नये, दोनाचे पुन्हा वीस व्हायला वेळ लागत नाही. बिडी सोडून तंबाखू मळायला लागलेल्याचेही यश मोजू नये. उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचे यंत्र मिळाले तर बैठकीला वेगळाच रंग चढतो, कारण बिडी बंद केल्यावर दोन-एक दिवसांतच आकडा उतरलेला दिसतो. साधारणपणे १० पीपीएमपेक्षा (हवेच्या दहा लाख भागांत दहा भागांपेक्षा) कमी आकडा धूम्रपान न केल्याचा मानतात. परंतु फौंड्रीतून थेट आलेल्या किंवा चुलीच्या धुरात बसलेल्या माणसाचा आकडा न ओढताही वाढलेला असू शकतो, म्हणून यंत्राच्या भरवशावर कोणाला खोटे पाडू नये.

निपाणी आणि आसपासच्या गावांत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९८१ च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने निपाणीचे नाव देशभर पोहोचले, ते उगाच नव्हे; शेती, वखारी आणि घरोघरी बिड्या वळणाऱ्या स्त्रिया या सर्वांचे पोट तंबाखूवर आहे. अशा ठिकाणी व्यापाराची निंदा करून गट सुरू केला तर दुसऱ्या बैठकीला कोणी येणार नाही, आणि माझ्या मते येऊही नये. घरातल्या उत्पन्नाविषयी न बोलता सदस्याच्या छातीविषयी बोलावे. वाचलेल्या पैशांचा हिशेबही इथे फारसा पटत नाही, कारण बिडी घरातलीच असते. त्याऐवजी वळलेल्या बिड्या मोजून बंद डब्यात ठेवणे, डबा घरातल्या स्त्रीच्या ताब्यात देणे आणि वळण्याचे काम चालू असताना सदस्याने दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर बसणे, अशी व्यवस्था घरच्यांशी बोलून लावावी.

बैठकी संपल्यावर एक, तीन आणि सहा महिन्यांनी सर्वांना पुन्हा बोलवावे. मधल्या काळात अडचण आल्यास १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा सांगून ठेवावी. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो, आणि मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय व बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था येथेही या सेवेची केंद्रे आहेत. फोन लागताच मराठीतून बोलायचे आहे असे सांगावे. वजन वाढल्याची तक्रार सहा महिन्यांच्या भेटीत हमखास येते. पहिल्या वर्षात चार-पाच किलो वाढणे नेहमीचे आहे, आणि त्यावर गोड-तळलेले कमी करून चालणे वाढवणे हाच उपाय सांगावा. सहा महिने टिकलेल्यांपैकी एक-दोघांना पुढच्या गटाच्या दुसऱ्या बैठकीला आवर्जून बोलवावे, कारण तिसऱ्या दिवसाची तलफ कशी असते हे त्यांनी सांगितलेले नव्या मंडळींना चालकाच्या बोलण्यापेक्षा लवकर पटते.