कोरियात मुलांवर हात उगारण्याआधी

बडोद्याच्या दांडियाबाजारातून मुलाबाळांसह दक्षिण कोरियाला निघालात, तर ‘आमचंच पोर, दोन रट्टे दिले तर काय’ हे इथेच सोडा. पालकांना शिस्तीचा हक्क देणारं तिथल्या दिवाणी कायद्यातलं ९१५वं कलम जानेवारी २०२१मध्ये रद्द झालं. शिक्षक, डॉक्टर यांना छळाचा नुसता संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे. अंगावर वळ दिसला की शाळा विचारणारच, आणि ते योग्यच आहे.

तिथे दुसऱ्याच्या मुलाचा छळ दिसला तर पोलिसांचा ११२ नंबर लावा. आधी पत्ता सांगा, मग मुलाचं वय, काय दिसलं, मारणारा अजून घरात आहे का. पुरावे जमवत थांबू नका. तक्रारदाराची ओळख कायद्याने गुप्त राहते.

बडोद्याच्या आजीने मात्र इथून ११२ लावू नये, फोन भारतातच लागतो. कोरियातल्या ओळखीच्याला लगेच लावायला सांगावं.