टीबीच्या गोळ्या आणि कॅलेंडरवरची टिकली

लहान पोरांचा टीबीचा कोर्स बहुधा सहा महिन्यांचा. तो धाकावर तडीस जात नाही. पाण्यात विरघळवलेली गोळी पोटात गेली की मिनिटभरात त्याच्याच हातानं कॅलेंडरवर टिकली लावून घ्या. "सगळं प्यायलास, शाब्बास!" असं नेमकं बोला. पाच टिकल्या झाल्या की त्यानं आधीच निवडलेलं बक्षीस: पप्पांसोबत गाडीवर चक्कर, नाहीतर जास्तीची एक गोष्ट.

बक्षीस गिळण्याचं, न रडण्याचं नव्हे. एखाद्या दिवशी अडून बसला म्हणून जुनी टिकली काढू नका. गाडं इथंच बिघडतं, कारण कमावलेलं जातंय म्हटल्यावर पोरगं कशाला पिईल? औषधाला चॉकलेट म्हणणंही टाळा. डबा हाती लागला तर पंचाईत. रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधानं लघवी नारिंगी होते, हे आधीच सांगा. उलटी झाली तर डोस मनानं पुन्हा देऊ नका, आशाताईंना विचारा. ऊसतोडीला निघताना गोळ्यांसोबत कॅलेंडरही बांधा.