पाळी गेल्यावर सोयाबीन: किती खायचं, कसं शिजवायचं

पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, पोटाभोवती चरबी धरते आणि शरीरात आतल्या आत बारीक दाह वाढू शकतो. बाहेर सूज दिसत नाही, रक्तात सीआरपी, म्हणजे दाह वाढला की वाढणारं प्रथिन, मात्र चढलेलं सापडतं. सोयाबीनमधले जेनिस्टीन आणि डेडझीन हे आयसोफ्लेवोन गटातले घटक इस्ट्रोजेनशी थोडे मिळतेजुळते. पाळी गेलेल्या बायकांच्या अभ्यासांत ते खाऊन काहींचं सीआरपी उतरलं, काहींचं हललंही नाही. डेडझीनपासून इक्वोल नावाचा घटक तयार करणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात, हे त्याचं एक कारण असू शकतं. म्हणून सोयाबीनला औषध समजू नका, रोजच्या जेवणातलं एक चांगलं कडधान्य समजा.

माणशी 30 ग्रॅम कोरडे दाणे, म्हणजे एक छोटी मूठ, पुरे. त्यातून साधारण 10-11 ग्रॅम प्रथिनं मिळतात. दाणे किराणा दुकानातून, खाण्याचेच घ्या. निफाड-येवल्याकडे पेरणीनंतर बियाण्याची पिशवी उरलेली असते, ती स्वयंपाकघरात आणूच नका. त्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं आणि धुऊन ते पूर्ण जाईल याचा भरवसा नाही.

दाणे रात्रभर, आठ-दहा तास भिजवा. थंडीत नाशिकला बारा तास लागतात. सकाळी पाणी फेका, दाणे हाताने चोळा आणि वर तरंगलेली सालं काढून टाका. मग दाणे उकळत्या पाण्यात टाकून पाच मिनिटं उकळा आणि तेही पाणी ओता. कच्चट वास येतो तो एका विकरामुळे (एन्झाइममुळे), आणि उकळत्या पाण्यात ते लगेच निकामी होतं. भिजलेले दाणे गार पाण्यात वाटले तर मात्र हाच वास सोयाबीनच्या दुधात उतरतो आणि मग घरात कोणी ते पीत नाही.

आता ताजं पाणी आणि चमचाभर तेल घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या. कुकर एक तृतीयांशच भरा. सोयाबीनचा फेस वर येतो, सुटलेलं साल शिटीच्या भोकात अडकतं. टोमॅटो, चिंच किंवा कोकम शिजल्यावरच घाला, आधी आंबट पडलं तर दाणा कडकच राहतो. बोटांत दाबल्यावर लोण्यासारखा चेपला की झालं. मध्ये खडा लागला तर आणखी दोन शिट्ट्या द्या. अर्धकच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक शिल्लक राहतो, पोट फुगतं ते बरेचदा त्यामुळेही.

मिसळीच्या उसळीत निम्मी मटकी, निम्मे सोयाबीन छान लागतात. पण तर्रीचा तवंग आणि फरसाण तेवढंच ठेवलं तर सोयाबीनकडून फार अपेक्षा करू नका. ते मटणाच्या किंवा तळणाच्या जागी यायला हवं, त्यावर भर म्हणून नाही. पोळ्यांसाठी 900 ग्रॅम गव्हात 100 ग्रॅम भाजलेलं सोयाबीन गिरणीत द्या, मात्र पंधरा दिवसांपुरतंच दळा. त्यातल्या तेलामुळे पीठ लवकर खवट होतं.

थायरॉईडची गोळी घेत असाल तर गोळी आणि सोयाबीन यांत चार तास अंतर ठेवा. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले असतील किंवा चालू असतील तर आयसोफ्लेवोनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

फरक बघायचा असेल तर सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एचएस-सीआरपी, म्हणजे सीआरपीची अधिक बारीक मोजणी, तपासा. सर्दी-ताप किंवा दाढेचं दुखणं चालू असताना रक्त देऊ नका. आकडा 10 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आला तर बहुधा कुठेतरी संसर्ग असतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवा आणि बरं वाटल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा.