उन्हाळी सुट्टीतली कोझी रहस्यकथा : या चुका टाळा

कोझी रहस्यकथेत खून होतो, पण रक्तपात पानावर येत नाही. तपास करणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नसते, संशयितांचे वर्तुळ लहान असते आणि शेवटी उलगडा होऊन विस्कटलेली घडी पुन्हा बसते. या प्रकाराला उन्हाळ्याची सुट्टी फार मानवते. म्हणूनच नव्याने लिहिणारे पुष्कळजण समुद्रकिनारा, तळ्याकाठचे विश्रामगृह किंवा डोंगरातला बंगला निवडतात आणि पहिली चूक तिथेच करतात, कारण सुट्टी त्यांच्या कथेत देखाव्यापुरतीच उरते. आपल्या कथेची परीक्षा घ्यायची असेल, तर तीच पात्रे आणि तोच गुन्हा एखाद्या साध्या कामाच्या आठवड्यात नेऊन पाहावा. कथानक कुठेही अडले नाही, तर सुट्टीला काही काम दिलेले नाही हे उघड आहे.

तिच्याकडून करून घेण्यासारखे काम मात्र भरपूर असते. सुट्टीला शेवटचा दिवस असतो, त्यामुळे अमुक तारखेला सगळे संशयित आपापल्या वाटेने पांगणार हे पहिल्या पानापासून ठरलेले असते आणि तपासाला आपोआप मुदत मिळते. सुट्टीवर आलेला माणूस स्वतःविषयी जे सांगेल ते इतरांना खरे मानावे लागते. तो कोण, काय करतो, विवाहित आहे की नाही, हे पडताळून पाहणारा शेजारी तिथे नसतो. शिवाय एरवी वर्षभर एकमेकांना टाळणारे नातेवाईक एकाच छपराखाली येतात, जुन्या देण्याघेण्याच्या गोष्टी निघतात. यांपैकी निदान दोन गोष्टींवर कथानक उभे असावे, असे माझे मत आहे.

घड्याळ पाहणारे साक्षीदार

सुट्टीत कोणी घड्याळ पाहत नाही, तरीही असंख्य हस्तलिखितांत प्रत्येक पाहुणा ‘मी दोन वाजून दहा मिनिटांनी खोलीत गेलो’ असे सांगतो. जबाब इतके नेटके झाले की वाचकाला ते लेखकाने आपल्या सोयीसाठी लिहिल्याचे कळते. याउलट कोणालाच काही आठवत नसेल, तर तपासाला धरायला आधार राहत नाही. यातून वाट अशी काढावी की साक्षीदारांनी वेळ घटनांच्या आधाराने सांगावी: बोट आली त्याच्या थोडे आधी, पोहण्याचा तलाव बंद करण्याची घंटा झाल्यावर, वरच्या मजल्यावरचे मूल रडायचे थांबले तेव्हा. मग यांतली एखादी घटना त्या दिवशी नेहमीच्या वेळी घडलीच नव्हती, एवढे कळले की एकाचा दावा कोसळतो आणि वाचकाचा हिशेबही चुकतो.

मोबाइलची अडचण वाटून पहिल्याच प्रकरणात ‘इथे नेटवर्क मिळत नाही’ असे जाहीर करण्याची पद्धत आता फार झिजली आहे. त्यापेक्षा सुट्टीतली माणसे सतत छायाचित्रे काढतात, याचा उपयोग करावा. मोबाइलचे घड्याळ बहुधा आपोआप स्थानिक वेळेशी जुळते, पण वेगळ्या कॅमेऱ्याचे घड्याळ बदलायला प्रवासी विसरतो आणि छायाचित्रावर घरची वेळ उमटत राहते. त्या वेळेशी चित्रातल्या सावलीची लांबी जुळत नाही, हे ज्याच्या लक्षात येईल त्याच्या हाती धागा लागतो.

निसर्गाचा हिशेब चुकणे

सर्वाधिक चुका इथे होतात, आणि त्या वाचकाच्या सहज ध्यानात येतात, कारण समुद्र आणि चंद्र लेखकाच्या सोयीने चालत नाहीत. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटे उशिरा येते. कथेतल्या सोमवारी सकाळी सात वाजता ओहोटी असेल, तर पुढच्या सोमवारी त्याच वेळी जवळजवळ पूर्ण भरती असणार. आठवडाभर रोज सकाळी सातला पात्रांना ओल्या वाळूवर पावलांचे ठसे सापडत राहिले, तर किनाऱ्यावर राहणारा वाचक पुस्तक बाजूला ठेवील. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती येते आणि भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी पाण्याची पातळी फारच थोडी बदलते, म्हणून आधी आपला किनारा कोणता हे ठरवावे. हाच हिशेब नीट मांडला तर त्यातून उत्तम सुगावा मिळतो: गुन्हेगार पहिल्या दिवशी पाहिलेल्या ओहोटीच्या भरवशावर चार दिवसांनंतरचा बेत आखतो आणि फसतो.

चंद्राचेही तसेच आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. पौर्णिमेनंतर दोनच दिवसांनी मध्यरात्री निरभ्र आकाशाखाली ‘डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा अंधार’ पडू शकत नाही. उत्तर युरोपसारख्या प्रदेशांत उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत संधिप्रकाश असतो, त्यामुळे तिथली कथा लिहिताना ‘आठ वाजता अंधारात एक आकृती दिसली’ हे वाक्य टिकत नाही.

उन्हाने भाजलेल्या त्वचेबाबतही घाई होते. लाली उन्हात जाताक्षणी उमटत नाही; ती काही तासांनी दिसू लागते, साधारण १२ ते २४ तासांनी सर्वाधिक असते आणि त्वचा सोलवटणे त्यानंतर काही दिवसांनी सुरू होते. दुपारभर खोलीत पडून होतो असे सांगणाऱ्याची मान दुसऱ्या दिवशी सकाळी लालभडक असेल, तर शब्दही न बोलता तो खोटा ठरतो. बोटावरचा अंगठीचा फिका पट्टाही असाच बोलका असतो, फक्त अंगठी कधी उतरली याचा हिशेब लेखकाकडे हवा.

मृत्यूच्या वेळेविषयी लिहिताना कथेतल्या डॉक्टरला फार ठाम बोलायला लावू नये. उष्ण हवेत प्रेताचे ताठरणे लवकर सुरू होते आणि लवकर ओसरते. भोवतालचे तापमान शरीराच्या ३७ अंशांच्या आसपास असेल तर शरीर फारसे थंडच होत नाही, आणि तापमानावरून बांधलेला अंदाज निरुपयोगी ठरतो. कोझी कथेत हे तपशील वर्णन करून सांगायचे नसतात, पण ‘अडीच ते तीनच्या दरम्यान’ या छापाच्या उत्तराऐवजी ‘दुपारी केव्हातरी’ हे उत्तर अधिक खरे असते, आणि संशयितांची संख्या वाढवून ते लेखकाच्याच पथ्यावर पडते.

मृत्यूनंतर कोणालाच काही न वाटणे

हलकेफुलकेपणा राखण्याच्या नादात प्रेत सापडल्यावर तासाभरात सगळे पुन्हा पाण्यात डुंबू लागतात. उलट टोकाला, दोन प्रकरणे नुसता शोक चालतो आणि प्रकारच बदलून जातो. सुट्टीवरच्या माणसांपुढे अशा वेळी एक अवघड, काहीसा लाजिरवाणा प्रश्न उभा राहतो: पैसे भरलेले आहेत, मुले रुसली आहेत, मृत व्यक्ती आपली कोणी नव्हती, मग उद्या सहलीला जावे की नाही? प्रत्येकजण याचे उत्तर वेगळे देतो, आणि त्या उत्तरातून स्वभाव, स्वार्थ, कधी हेतूही बाहेर पडतो. चौकशीच्या चार संवादांपेक्षा असा एक प्रसंग अधिक सांगतो. मधली प्रकरणे रेंगाळत असतील, तर बहुधा तिथे एकामागून एक मुलाखती असतात. त्यांतली एखादी काढून तिच्या जागी असा प्रसंग घालून पाहावा.

हौशी तपासनीसाने सुट्टी सोडून या भानगडीत का पडावे, हेही सांगितले पाहिजे. ‘स्वभावच चौकस’ हे कारण पुरत नाही. जवळच्या माणसावर संशय आला, किंवा साक्ष देणारी आपणच एकटी असून आपले कोणी ऐकत नाही, असे काहीतरी अंगाशी आलेले असावे. त्यासाठी पोलिसांना मूर्ख ठरवण्याची गरज नाही. त्यांना पाहुण्यांत मिसळून गप्पा ऐकता येत नाहीत, एवढा फरक पुरेसा आहे.

योगायोग आणि दडवलेले धागे

रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतले दोन इथे विशेष लागू पडतात: अपघाताने तपासनीसाची मदत होऊ नये, आणि त्याला सापडलेला धागा वाचकापासून दडवू नये. सुट्टीच्या कथेत पातळ भिंती, उघड्या खिडक्या आणि शेजारशेजारच्या गच्च्या असल्यामुळे चोरून ऐकलेल्या संभाषणाचा मोह पडतो. अशा संभाषणाने गोंधळ वाढवावा, उलगडा करू नये.

धागा उघड्यावर ठेवूनही नजरेआड कसा राहतो, याचा नमुना अगाथा ख्रिस्तीच्या ‘ईव्हिल अंडर द सन’ (१९४१) मध्ये आहे. सुट्टीवर आलेला तिचा गुप्तहेर पॉयरो किनाऱ्यावर ऊन घेत पहुडलेल्या माणसांकडे पाहून, ही सगळी एकसारखीच दिसतात, अशा अर्थाचे काहीतरी बोलतो. ते पहिल्याच प्रकरणात येते आणि कुरकुऱ्या म्हाताऱ्याचा शेरा म्हणून विसरले जाते. पुढे त्याचे काय होते ते सांगत नाही. एवढे खरे की निरीक्षण सुट्टीच्या दृश्यातूनच आलेले असल्यामुळे ते मुद्दाम पेरलेले वाटत नाही.

वाचताना

वाचकही काही चुका करतात. वर्णने भराभर उलटणे ही त्यांतली मोठी, कारण या प्रकारात ओले टॉवेल, रिकाम्या खुर्च्या असे धागे वर्णनातच असतात. ‘सर्वात निरुपद्रवी माणूसच गुन्हेगार’ या आडाख्याने वाचणाऱ्याचा अंदाज बरोबर आला तरी त्याने काहीच सोडवलेले नसते. मालिकेतले पुस्तक मधूनच उचलायला हरकत नाही, मात्र पुढच्या भागात जुन्या गुन्हेगाराचे नाव सहज येऊन गेल्याने आधीच्या भागाची मजा जाऊ शकते.

कच्चे लेखन वाचणाऱ्या मित्राने गुन्हेगार लवकर ओळखला, तर लेखकाने घाबरून नवे चकवे घालू नयेत. त्याला कोणत्या पानावर आणि कशावरून कळले, हे आधी विचारावे. एखाद्या धाग्यावरून कळले असेल, तर तो धागा तीन साध्या वस्तूंच्या यादीत मधोमध हलवणे बहुधा पुरते. पण ‘हा माणूस कथेत उगाच होता’ असे उत्तर आले, तर दोष रचनेत आहे; त्या पात्राला गुन्ह्याशी संबंध नसलेले काहीतरी काम, एखादे भांडण किंवा लपवण्यासारखी निराळी गोष्ट द्यावी लागते. त्यानंतर फक्त गुन्हेगाराचे वेळापत्रक वेगळ्या कागदावर दिवसवार लिहून काढावे आणि ते भरती, ऊन, जाण्यायेण्याच्या वेळा यांच्याशी ताडून पाहावे. एखाद्या तासाला तो कुठे होता हे लेखकालाच सांगता आले नाही, तर दुरुस्ती त्या तासापासून सुरू करावी.