जावा माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विचवाल्यांना कसं घ्यायचं

माइनक्राफ्ट हे नाव एक, पण प्रोग्रॅम दोन. जावा एडिशन फक्त कॉम्प्युटरवर चालते; बेडरॉक विंडोज, कन्सोल आणि मोबाइलवर. दोन्ही थेट जोडता येत नाहीत. तुमचा कॉम्प्युटर विंडोजचा असेल तर आधी लाँचर उघडून बघा. जून २०२२ पासून दोन्ही आवृत्त्या एकत्रच विकल्या जातात, त्यामुळे बेडरॉक बहुधा तुमच्याकडे असेलच. सगळ्यांनी बेडरॉकमध्ये खेळायचं ठरवलं तर खालचं काहीच करायला नको. पण वर्षानुवर्षं बांधलेलं जावातलं जग सोडवत नसेल, किंवा मित्राकडे मॅक वा लिनक्स असेल, तर गायझर नावाचं प्लगइन (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लागेल.

गायझर बेडरॉककडून येणारा डेटा जावा सर्व्हरला समजेल अशा रूपात बदलून देतं. सोबत फ्लडगेट हे दुसरं प्लगइन टाका, म्हणजे कन्सोलवाल्यांना जावाची वेगळी प्रत विकत घ्यावी लागत नाही.

पेपर हा प्लगइन चालवणारा जावा माइनक्राफ्टचा सर्व्हर डाउनलोड करा. माइनक्राफ्ट १.२१ साठी कॉम्प्युटरवर जावा २१ (गेम नव्हे, सर्व्हर ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) इन्स्टॉल हवं; चार-पाच जणांसाठी सर्व्हरला ४ जीबी रॅम द्या. पहिल्यांदा सुरू केल्यावर तो लगेच बंद पडतो, कारण परवान्याच्या फाइलमध्ये 'फॉल्स'चं 'ट्रू' करायचं राहिलेलं असतं. ते करून परत चालवा, मग बंद करा. गायझर आणि फ्लडगेट, दोन्हींच्या स्पिगॉटसाठीच्या (पेपरलाही त्याच चालतात) फाइली प्लगइनच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि सर्व्हर सुरू करा.

खरी अडचण पोर्टची येते. पोर्ट म्हणजे बाहेरच्यांना सर्व्हरवर येण्यासाठी राउटरमध्ये उघडायचं क्रमांकाचं दार; टीसीपी आणि यूडीपी हे त्यातून डेटा पाठवायचे दोन प्रकार. जावा २५५६५ वर टीसीपी वापरतं, तर गायझर १९१३२ वर यूडीपी. राउटरमध्ये सवयीने दोन्हीकडे टीसीपी निवडलं जातं. मग कॉम्प्युटरवाले आत येतात आणि कन्सोलवाले बाहेरच राहतात. विंडोज फायरवॉलमध्येही यूडीपी उघडा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेटवरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंगवर (राउटरमध्ये पोर्ट उघडण्यावर) वेळ घालवू नका. इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) घ्या, नाहीतर प्लेइटसारखी टनेल सेवा वापरा; ती स्वतःच्या पत्त्यावरून खेळाडूंना तुमच्या सर्व्हरपर्यंत आणते. त्यातही बेडरॉकसाठी यूडीपीचं टनेल वेगळं बनवावं लागतं.

कन्सोलवर सर्व्हरचा पत्ता टाइप करायला जागाच नाही. घरच्याच वायफायवर असाल तर सर्व्हर मित्रांच्या यादीत आपोआप दिसतो. लांबच्यांसाठी एमसीएक्सबॉक्सब्रॉडकास्ट हे एक्स्टेन्शन गायझरच्या एक्स्टेन्शन फोल्डरमध्ये टाका. सर्व्हरच्या खिडकीत एक लिंक आणि कोड येतो, त्यावरून एका वेगळ्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करा. रोजचं खातं इथे अजिबात वापरू नका. खेळाडूंनी या नव्या खात्याला मित्र केलं की सर्व्हर त्यांना दिसू लागतो. प्लेस्टेशन आणि स्विचवरही मायक्रोसॉफ्ट खातं जोडलेलं हवं, शिवाय प्लेस्टेशन प्लस किंवा स्विच ऑनलाइनचं सबस्क्रिप्शन. लहान मुलांचं खातं अडत असेल तर पालकांच्या खात्यातून मल्टिप्लेअरची परवानगी द्या.

कन्सोलवरचा गेम स्वतःहून अपडेट होतो, गायझर होत नाही. 'आउटडेटेड गायझर प्रॉक्सी' दिसलं की नवी फाइल टाका. ती सर्व्हरपेक्षा पुढच्या जावा आवृत्तीसाठी असेल तर जुन्या सर्व्हरवर नव्या आवृत्तीला येऊ देणारं व्हायाव्हर्जन हे प्लगइनही लागेल. व्हाइटलिस्ट (परवानगी असलेल्या खेळाडूंची यादी) चालू असेल तर कन्सोलवाल्यांची नावं फ्लडगेटच्या 'एफव्हाइटलिस्ट' कमांडने घाला. फ्लडगेट या नावांआधी आपोआप टिंब जोडतं, त्यामुळे नेहमीची कमांड त्यांना ओळखत नाही.