बेळगावहून कुद्रेमुख ट्रेक: परमिट कसं काढायचं, तयारी कशी करायची

आपल्याकडं ट्रेक ठरतो तो असा, पहिला ग्रुप तयार होतो, मग रजा टाकतात, मग गाडीची तिकिटं, आणि परमिटचं काय विचारलं की "तिकडं गेल्यावर बघू की". चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या कुद्रेमुख डोंगरासाठी हे सगळं उलट्या क्रमानं करा, पहिलं परमिट, तारीख हातात आली की मग रजा आणि तिकिटं. ते नॅशनल पार्क आहे, १९८७ पासून, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा जंगलात नुसतं फिरायला जायचं तरी वनखात्याची परवानगी लागते असं स्पष्ट आहे. आपल्या खानापूरच्या भीमगडाला पण हाच कायदा, २०११ पासून अभयारण्य आहे ते, तेव्हा आपल्याच तालुक्यातलं जंगल म्हणून तिथंही कुणी परस्पर आत शिरू नका.

आता परमिट. २०२४ च्या जानेवारीत सुट्टीला कुमार पर्वतावर, म्हणजे कर्नाटकातल्याच दुसऱ्या एका ट्रेकच्या शिखरावर, प्रचंड गर्दी झाली, त्यानंतर सरकारनं ऑनलाइन बुकिंग नसलेले ट्रेक थांबवले आणि त्याच वर्षी 'अरण्य विहार' ही वनखात्याची वेबसाइट सुरू केली, कुद्रेमुखचं बुकिंग तिथंच होतं. या ट्रेकना दिवसाला ३०० माणसांची मर्यादा ठरली. ऐकायला ३०० जास्त वाटतात पण बेंगळुरूची सगळी पोरं शनिवार-रविवारच बघत असतात, त्यामुळं ते दोन दिवस झटकन भरतात. मंगळवार-बुधवार धरा, खरंच सांगतो, जागा पण मिळते आणि डोंगर पण नीट बघायला मिळतो.

बुकिंगला बसायच्या आधी सगळ्यांची नावं, वयं आणि ओळखपत्रांचे नंबर एका ठिकाणी लिहून घ्या, आधारवर जसं नाव आहे तसंच, कारण गेटवर तेच ओळखपत्र बघतात आणि आयत्या वेळी एकाच्या बदली दुसऱ्याला नेऊ असं चालत नाही. वेबसाइटवर ट्रेक निवडा, तारीख निवडा, माणसं भरा, पैसे भरा, तिकीट डाउनलोड करा आणि एक प्रिंट काढूनच ठेवा, वर नेटवर्क जातं. तारीख बदलायचे आणि रद्द करायचे नियम पैसे भरायच्या आधी वाचा. एजंट "परमिटसकट पॅकेज" देतात तेव्हा तिकिटावर तुमचं नाव आहे का ते स्वतः बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

कधी जायचं? माझं मत ऑक्टोबर ते जानेवारी. पाऊस संपलेला असतो, गवत अजून हिरवं, ओढ्यांना पाणी. फेब्रुवारीनंतर तेच गवत वाळतं, वणव्याची भीती असते आणि वनखातं ट्रेक बंद करतं. पावसाळ्यात पण लोक जातात, पण तिथला पाऊस म्हणजे आपल्या कणकुंबीच्या वरताण, धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही आणि पाऊस फारच झाला तर ट्रेक बंदही ठेवतात.

एक गोष्ट ग्रुपला आधीच सांगून टाका, तंबू घ्यायचा नाही. पार्कच्या आत रात्री राहायला परवानगी नाही, शेकोटी नाही, वर स्वयंपाक नाही. म्हणजे मोठी सॅक होमस्टेला ठेवायची आणि छोटी बॅग घेऊन एका दिवसात वर जाऊन यायचं. कळस, संसे, बाळेगल या बाजूला होमस्टे आहेत, तिथून मुळ्ळोडीपर्यंत, म्हणजे चाल सुरू होते त्या गावापर्यंत, रस्ता खराब म्हणून जीप लागते, जीपचं भाडं आणि जेवण धरलंय का ते फोनवरच विचारा. तेवढं कन्नड आपल्याला येतंच, बोला बिनधास्त, माणसं मोकळी होतात.

जायला बेळगावहून बेंगळुरूच्या लाइनवर बिरूर किंवा कडूर, तुमची गाडी जिथं थांबते तिथं उतरा, मग चिक्कमगळूर आणि पुढं कळस बसनं. घाटातला प्रवास वेळ खातो, त्यामुळं पोचायचा दिवस आणि ट्रेकचा दिवस एक करू नका.

जाऊन-येऊन साधारण वीस किलोमीटर चाल आहे, शिखर १८९० मीटरच्या आसपास. ओंटीमर म्हणून एकटं झाड लागतं तिथपर्यंत सोपं वाटतं, नंतर गवताळ उतार, मधे शोला जंगलाचे, म्हणजे घळीतल्या दाट झाडीचे पट्टे, आणि शेवटी चढ दम काढतो. महिनाभर आधीपासून रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड किंवा देवरवाडीचा वैजनाथ चढून या, पाठीवर भरलेली बॅग घेऊन, नुसतं नको. बूट नवेकोरे घालून जाऊ नका.

बॅगेत दोन-तीन लिटर पाणी, रेनकोट, जास्तीचे मोजे, बँडेज, टॉर्च. खायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगा, हे कपड्यात बांधून न्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पाकिटं नकोत, गेटवर बॅगा बघतात आणि बघितल्या नाहीत तरी तिथं कचरा करायचा नाही. लोहखनिजाची खाण होती त्या डोंगरात, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं २००५ च्या शेवटी बंद झाली, तुंगा, भद्रा आणि नेत्रावती इथंच उगम पावतात, एवढं जपलेलं पाणी आपल्या चिप्सच्या पाकिटानं घाण का करायचं.

जळवा असतातच, पावसाळ्यात आणि नंतरही ओलीत. पँट मोज्यात खोचा, लागली तर ओढून काढू नका, नखानं बाजूनं सरकवून सोडवा, धुवा, रक्त थोडा वेळ येत राहतं, घाबरू नका. गवे दिसले तर थांबा, वाट त्यांना द्या, फोटोसाठी जवळ जाऊ नका.

सकाळी लवकरात लवकर गेटवर पोचा आणि वाटेत वेळ बघत चाला, संध्याकाळच्या आत खाली यायलाच लागतं. दुपार उलटून गेली आणि शिखर अजून लांब असेल तर तिथूनच वळा.

तुमची तारीख भरलेलीच दाखवत असेल तर त्याच पार्कमधलं नेत्रावती शिखर बघा, त्याचंही बुकिंग तिथंच होतं आणि चाल थोडी कमी आहे, ग्रुपमध्ये नवखे असतील तर मी तर पहिलं तेच सुचवीन.