ऑडिओ इंटरफेस बदलण्याआधी या चुका तपासा

हेडफोनमध्ये सतत घूं... ऐकू आलं की आपण आधी इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर) संशय घेतो, मग केबलवर. माझे दोन आठवडे त्यातच गेले. दोष निघाला भिंतीतल्या सॉकेटात. भोकं तीन होती, पण मागे अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटवर वीज उतरते. करंट अगदी थोडा, पण अनवाणी असताना हात लावला की झिणझिण्या येतात. मग ५० हर्ट्झची तीच घूं यूएसबी केबलवाटे माइकच्या आवाजात शिरू शकते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. घूं घालवायला काही जण प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात. कृपा करून हे कधीही करू नका, जिवाशी खेळ आहे. अर्थिंग ठीक असूनही घूं राहिलीच, तर कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, स्पीकरला बॅलन्स्ड केबल (बाहेरून शिरलेली घूं रद्द करणारी) लावा.

माइक मुकाच असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण बघा. बहुतेक कंडेन्सर माइकना ती फँटम पॉवर, म्हणजे केबलवाटे माइकला मिळणारी वीज, लागतेच.

गाणाऱ्यांची नेहमीची चूक गेनची, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा याची. मध्य सप्तकात गुणगुणून गेन ठरवतात आणि तार षड्जाला लाल दिवा लागतो, म्हणजे आवाज फाटतो. सर्वांत जोरात लागणारा सूर लावून पाहा. मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. २४ बिटवर रेकॉर्ड केलेला हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला मात्र सुधारत नाही.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडाही बघा. रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झवर आणि सॉफ्टवेअर ते ४८ वर वाजवतंय, असं झालं तर गाणं सुमारे ९ टक्के जलद आणि पेटीच्या जवळजवळ दीड पट्टीने चढं ऐकू येतं. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा.

स्वतःचा आवाज उशिरा येतो? कॉम्प्युटर आवाजाचे नमुने थोडे साठवून मग पुढे पाठवतो, तो साठा म्हणजे बफर. १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे ४४.१ वर एका दिशेलाच २३ मिलिसेकंद. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) टाका आणि बफर १२८ किंवा २५६ करा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनमध्ये देणारी सोय) असेल तर तेच वापरा, पण मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी येतो. बफर कमी केल्यावर टिकटिक सुरू झाली तर तो एक पायरी वाढवा, आणि इंटरफेस हबमधून काढून कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टला थेट लावा.